दुसऱ्यांदा कोण जाणार?

"तारा छेडल्याचं ऐकलं होतं, तू तारा ओढायला कधीपासून लागलीस?" वाङ्मय मंडळाच्या बैठकीत मी या विषयावर लिहिते म्हटल्यावर आलेली ही पहिली प्रतिक्रिया. विनोद बरा होता, म्हणून मीही हसले. उत्तर द्यायचं मात्र राहून गेलं. ते इथे देते, थोडं लांबेल.

गेल्या वर्षी आपल्याकडच्या बी.सी.ए.च्या काही मुलांनी खानापूर तालुक्यातल्या एका गावात, शाळेच्या आवारातल्या वाचनालयात संगणकांचं नेटवर्क बसवलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात चूक आमची आहे आणि नाव मात्र गावाचं होईल. सहा जण बी.सी.ए.चे होते आणि सातवी मी. मला घेतलं ते पत्रं लिहायला. वाचनालयाच्या समितीला मराठीतून आणि पंचायतीला कन्नडमधून पत्र द्यायचं होतं, आणि इंग्रजीतून शिकलेल्या या सहा जणांची गाडी 'महोदय'च्या पुढे सरकत नव्हती. कन्नड पत्र आमच्या शेजारच्या काकांनी लिहून दिलं, मराठी मी लिहिलं. तेवढ्यावर माझं काम संपायचं, पण रविवारी जीपमध्ये एक जागा रिकामी होती. आईने एकच अट घातली की शनिवारी संध्याकाळची मिस्सा चुकवायची नाही. असे चार रविवार गेले.

काम म्हटलं तर छोटं. शाळेच्या ऑफिसात इंटरनेटचं कनेक्शन आधीच होतं. तिथून आवार ओलांडून केबल वाचनालयात न्यायची, तिथे आठ पोर्टचा एक स्विच ठेवायचा आणि त्याला कॉलेजने दिलेले पाच जुने संगणक आणि एक प्रिंटर जोडायचा. झालं. पण याची गावाला गरज केवढी होती ते ऐका. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, दहावीचा निकाल ऑनलाइन, जमिनीचा उतारा ऑनलाइन, सेवा सिंधूवरचे सगळे दाखले ऑनलाइन. हातातल्या मोबाइलवर हे सगळं होतं असं आपण शहरात बसून म्हणतो. छोट्या स्क्रीनवर कागदपत्रं चढवताना रेंज जाते, प्रिंट तर मिळतच नाही. मग खानापूरला जायचं, दुकानात रांग लावायची, पैसे द्यायचे आणि 'सर्व्हर डाऊन' ऐकून परत यायचं. पाच संगणक आणि एक प्रिंटर यांचा अर्थ त्या गावात 'खानापूरची एक फेरी वाचली' असा होता.

आता नेटवर्किंग शिकणाऱ्यांसाठी हे चार रविवार काय होते ते सांगते, कारण माझा मूळ मुद्दा तिथूनच निघतो. आपल्या लॅबमध्ये मुलं सिस्कोच्या पॅकेट ट्रेसरवर नेटवर्क काढतात. स्क्रीनवर राउटर ठेवायचा, स्विच ठेवायचा, मध्ये रेघ ओढायची आणि रेघेची दोन्ही टोकं हिरवी झाली की शाबासकी. त्या रेघेला उंदीर लागत नाहीत. ती जांभ्या दगडाच्या दीड हात जाड भिंतीतून बिनतक्रार जाते. पहिल्या रविवारी आमच्या टीमने मोठ्या आत्मविश्वासाने ठरवलं की केबल कशाला, वाय-फायच पुरेल. ऑफिसात राउटर लावला आणि फोन घेऊन वाचनालयाकडे चालायला लागलो. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल ऑफिसच्या भिंतीबाहेर पडता पडताच मेला. २.४ गिगाहर्ट्झचा जरा पुढे आला आणि आंब्याच्या झाडापाशी गुदमरला. जास्त वारंवारतेच्या लहरी भिंतीत लवकर मरतात हे या सहाही जणांनी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले होते. जांभ्याच्या भिंतीला पाठ टेकून ते कळायला एक रविवार गेला.

मग केबल. तांब्याची ही केबल शंभर मीटरपर्यंतच भरवशाची, त्यापुढे मध्ये काहीतरी उपकरण लागतं. म्हणून दुसऱ्या रविवारी शिंप्याकडे असते तसली कापडी टेप घेऊन आम्ही आवार मोजलं. हवेतून मोजलं तर अंतर कमी भरलं, पण केबल हवेतून जात नाही. ती खांबावर चढते, वळचणीने फिरते, खिडकीतून उतरते. जमिनीवरच्या हिशेबापेक्षा जवळजवळ निम्मी जास्त लागली. मग टोकांना कनेक्टर बसवायचे. केबलच्या आत आठ बारीक तारा असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या दोन तारांमध्ये निळ्या जोडीतल्या दोन तारा येऊन बसतात आणि नवख्या माणसाचं बोट तिथेच चुकतं. माझं चार वेळा चुकलं. पाचव्यांदा टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले तेव्हा मी त्या लहानशा डबीकडे अशी बघत बसले की वर्गातल्या कुठल्या कवितेकडे तशी बघितली असेन की नाही शंका आहे. (मराठीच्या बाईंनी हे वाक्य मनावर घेऊ नये.)

चौथ्या रविवारी पाहुणे आले, फीत कापली, फोटो झाले. संगणकावर एका मुलीने स्वतःच्या शाळेचं नाव शोधून दाखवलं, टाळ्या झाल्या. पुढच्या आठवड्यात आम्हा सातही जणांना सर्टिफिकेट मिळालं. त्यावर सोनेरी अक्षरात लिहिलंय की आम्ही ग्रामीण भागात संगणक नेटवर्क यशस्वीरीत्या उभारलं. माझंही आहे. फाइलमध्ये मॅट्रिकच्या मार्कलिस्टच्या मागे ठेवलंय.

यानंतर तिकडे कोणी गेलं नाही. मीसुद्धा गेले नसते. पण माझ्या प्रोजेक्टसाठी जुन्या दिवाळी अंकांची एक यादी हवी होती आणि त्या वाचनालयात ते अंक पोत्यात बांधून ठेवलेले पाहिले होते. म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी एसटीने एकटी गेले. (आमच्याकडे बस कर्नाटकची असते, तरी तोंडात 'एसटी'च येतं.) चारही संगणकांवर चादरी टाकलेल्या. माझी चाहूल लागली तशा ग्रंथपाल बाई उठल्या आणि त्यांनी पहिलं काय केलं असेल तर माफी मागितली.

"बाई गं, तुम्ही एवढं करून दिलात आणि आम्हाला सांभाळता आलं नाही बघ. काहीतरी मोडलंय आमच्या हातनं. तीन आठवडे झाले. म्हणून फोन करायला पण तोंड झालं नाही."

मला हे वाक्य विसरता येत नाही. चूक कुणाची होती ते ऐका. पाचव्या संगणकाचा पॉवर सप्लाय उद्घाटनाच्या आदल्याच दिवशी गेला होता. फोटोत पाच दिसले पाहिजेत म्हणून तो डबा टेबलावर तसाच ठेवला आणि संध्याकाळी दुरुस्तीला म्हणून जीपमधून परत आणला. "पुढच्या आठवड्यात आणून देतो" असं सांगून आणला. त्याची केबल मात्र तिथेच राहिली. एक टोक स्विचमध्ये, दुसरं जमिनीवर लोंबतं. शाळा झाडणाऱ्या मावशींच्या केरसुणीत ते रोज अडकायचं. मावशी नीटनेटक्या बाई. एके दिवशी त्यांनी पाहिलं की वर त्या पेटीत याच आकाराचं एक भोक रिकामं आहे, आणि ते टोक उचलून तिथे बसवलं. खट्कन बसलं. कुणालाही वाटेल की ही वायर इथलीच.

नेटवर्कच्या भाषेत याला लूप म्हणतात. एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच साध्या स्विचमध्ये गेली की 'सर्वांसाठी' म्हणून निघालेला प्रत्येक निरोप एका दारातून बाहेर पडून दुसऱ्या दारातून आत येतो आणि पुन्हा सर्वांना वाटला जातो. असं फिरत फिरत क्षणात एवढी गर्दी होते की खरा निरोप कुणाला पोचतच नाही. मोडलेलं काहीच नसतं, प्रत्येक वस्तू चांगली असते, फक्त नेट बंद असतं.

मला हे तेव्हा काहीच माहीत नव्हतं. टीमचा जो प्रमुख, तो एव्हाना ट्रेनिंगसाठी बेंगळुरूला गेलेला. त्याला फोन लावला. तो म्हणाला, दिवे कसे दिसताहेत? मी म्हटलं, सगळे हिरवे आहेत, पण वेड्यासारखे एकदम लुकलुकताहेत. पलीकडे जरा वेळ गप्प. मग, "एकेक वायर काढत जा आणि दिव्यांकडे बघत राहा." सहावी वायर काढली आणि सगळे दिवे एकदम शांत झाले. राउटर बंद करून पुन्हा चालू केला. दहा मिनिटांचं काम. त्या दहा मिनिटांसाठी तीन आठवडे शिष्यवृत्तीचे अर्ज भरणाऱ्या मुली खानापूरला जात होत्या. त्यांतली एक तीनदा गेली. तिची आई तिच्याबरोबर, म्हणजे तिचा तीन दिवसांचा रोज बुडाला. बाईंनी हे तक्रार म्हणून नाही सांगितलं. विचारलं तेव्हा सांगितलं.

राउटरचा पासवर्ड? तो बेंगळुरूच्या मित्राच्या फोनमध्ये. आमच्यापैकी कुणाचा नंबर भिंतीवर? कुणाचाच नाही. भिंतीवर पाहुण्यांसोबतचा फोटो मात्र फ्रेम करून लावलेला होता.

तर माझं म्हणणं असं आहे की समाजोपयोगी प्रकल्पातून नेटवर्किंगचा अनुभव घ्यावा, जरूर घ्यावा, पण आपण तो अनुभव चुकीच्या दिवशी मोजतो. फीत कापली त्या दिवशी मोजतो. खरा अनुभव सुरू होतो तो जोडलेली गोष्ट बंद पडते तेव्हा. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरावे लागतात, दोन वर्षांचे २४०. तास मोजणं सोपं असतं, रजिस्टर असतं, सही असते. त्या रजिस्टरमध्ये 'परत गेला होता का?' असा रकाना कुठे आहे? आमचे चार रविवार तासांत भरले गेले. माझा तो जानेवारीतला शनिवार कुठेच नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही, कारण मी गेले होते दिवाळी अंकांसाठी.

ही हळहळ नुसती सेवाभावाची आहे असं कुणाला वाटेल, म्हणून नोकरीच्या बाजूनेही सांगते. बेंगळुरूच्या त्याच मित्राला मुलाखतीत सर्टिफिकेट दाखवायची वेळच आली नाही. त्याला विचारलं, 'तू जोडलेलं कधी बंद पडलं होतं का? मग काय केलंस?' प्रकल्पाची मुलाखत ट्रेनिंग संपल्यावर झाली, त्यामुळे त्याच्याकडे सांगायला गोष्ट होती. त्याने त्या शनिवारची लूपची गोष्ट सांगितली. दिवे कसे दिसत होते, फोनवरून काय विचारलं, कोणत्या क्रमाने वायरी काढायला लावल्या. अर्धा तास त्यावरच गेला म्हणे. आता तो मला म्हणतो की वायर तुझ्या हातात होती, तर निम्मा पगार तुझा. अजून दिलेला नाही.

जगात हे सगळं आधी होऊन गेलंय. ९ मार्च १९९६ रोजी कॅलिफोर्नियात 'नेटडे' झाला. सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन गेज आणि तिथल्या सार्वजनिक वाहिनीचे मायकेल कॉफमन यांची ही कल्पना. हजारो स्वयंसेवक एकाच दिवशी शाळांत गेले आणि वर्गावर्गांत केबल ओढली. खुद्द राष्ट्राध्यक्ष क्लिंटन आणि उपराष्ट्राध्यक्ष गोर कॉन्कॉर्ड गावातल्या एका शाळेत वायर ओढायला आले होते. कल्पना मोठीच होती आणि तिची नक्कल पुढे ठिकठिकाणी झाली. पण तिच्या नावातच 'डे' आहे. त्या हजारो स्वयंसेवकांच्या उत्साहाबद्दल मला शंका नाही. मला फक्त दुसऱ्या दिवसाचं कुतूहल वाटतं.

याच्या उलट नेपाळचे महाबीर पुन. म्याग्दी जिल्ह्यातल्या नांगी या डोंगरातल्या गावचे. अमेरिकेत नेब्रास्कात शिकले आणि गावी परतले. गावाला इंटरनेट हवं म्हणून त्यांनी बीबीसीला लिहिलं, त्याची बातमी झाली आणि परदेशांतून स्वयंसेवक मदतीला आले. २००२ च्या सुमारास, माओवादी संघर्षाच्या दिवसांत, टीव्हीच्या डिशपासून घरगुती अँटेना बनवून, झाडांवर बांधून त्यांनी पोखऱ्याहून डोंगर ओलांडत नांगीला जोडणी आणली. २००७ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाहेरून आलेले स्वयंसेवक तिथेही आपापल्या देशांत परत गेले, जाणारच होते. पण पुन यांना गावातच राहायचं होतं. झाडावरचा अँटेना वाऱ्याने फिरला तर सरळ करायला कोण चढणार, हा प्रश्न तिथे घरचाच होता.

आणि अगदी आपल्या भाषेच्या मुलखातलं बघायचं तर पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईने 'ग्राममार्ग' प्रकल्प केला, २०१७ मध्ये त्याला मोझिलाची स्पर्धाही जिंकता आली. त्यात पंचायतीला भागीदार करून घेतलेलं आहे. माझी मावशी वसईला असते, त्यामुळे पालघर म्हटलं की मला आधी केळी आणि समुद्र आठवायचा. आता पंचायतही आठवते. गावाच्या नेटवर्कमध्ये गावाचा वाटा, पैशाचा आणि जबाबदारीचा, पहिल्या दिवसापासून असला पाहिजे. आम्ही गावाला पाहुण्यासारखं पहिल्या रांगेत बसवलं आणि चहाचं बिलसुद्धा देऊ दिलं नाही.

इथे एका माणसाबद्दल लिहायलाच हवं. गावात इंटरनेट देणारे केबलवाले मामा. पहिल्या रविवारी त्यांनी आम्हाला शिडी दिली आणि झाडाखाली उभं राहून बघत राहिले. दुसऱ्या रविवारी म्हणाले, "आवारातनं तांब्याची वायर वडू नगासा. वळवाची वीज तिच्यातनं आत येतीया. मी माझी फायबर थेट वाचनालयात आणून देतो की." फायबर काचेची, तिच्यातून वीज जात नाही. बरोबरच होतं त्यांचं. पण आमची केबल विकत घेऊन झाली होती, आणि खरं म्हणजे फायबर जोडायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ते त्यांनी केलं असतं तर 'आम्ही' काय केलं असं झालं असतं. हे कुणी बोललं नाही, पण मनात होतं. नंतर कळलं की आमच्या आधी समितीने मामांकडून या कामाचा अंदाज मागवला होता. आम्ही फुकट करतो म्हटल्यावर तो कागद बाजूला पडला. मामा हसत म्हणाले होते, "तुमचं पुण्य, आमचं पोट." आम्हीही हसलो होतो.

त्या हसण्याची मला आता लाज वाटते. विद्यार्थ्यांचं शिक्षण म्हणून एखाद्याचं मजुरीचं काम फुकटात करून टाकणं, तेही त्याच्याहून वाईट करणं, याला सेवा म्हणता येणार नाही. मामांना त्यांचे पैसे देऊन मुलांनी त्यांच्या हाताखाली चार रविवार काम केलं असतं, तर केबल कुठून न्यायची ते कळलं असतं आणि बंद पडल्यावर हाक मारायला माणूस गावातच असता. प्रकल्पाच्या खर्चात फ्लेक्स बॅनरला पैसे निघतात, तर शिकवणाऱ्या कारागिराच्या मजुरीला का निघू नयेत?

आणखी एक माणूस त्या जीपमध्ये नव्हता. आमच्या बॅचचा एक मुलगा खडे बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात रविवारी पूर्ण दिवस असतो. घरची गरज आहे. राउटर उघडून, तपासून, पुन्हा चालू करून देणं हे तो दिवसातून कितीदा तरी करतो. आम्हा सगळ्यांत ज्याला हे खरंच येतं तो हा, आणि त्याच्या बायोडेटात याची एकही ओळ नाही, कारण स्वयंसेवा करायला आधी रविवार मोकळा असावा लागतो. माझा होता. अशा प्रकल्पांना जाणाऱ्यांना निदान बसभाडं आणि जेवण द्या, आणि एखादा रविवार मोडला तर तेवढी मजुरी द्या असं सुचवलं की उत्तर येतं की मग ती सेवा कसली राहिली. हे उत्तर देणाऱ्यांचा पगार रविवारीही चालू असतो, एवढंच नोंदवते.

आता आमच्या चुकीचं पुढे काय झालं ते. त्या शनिवारनंतर मी एक शंभर पानी वही घेतली. बी.सी.ए.च्या मुलांनी केलेलं डॉक्युमेंटेशन होतं, पण ते इंग्रजीत, पीडीएफमध्ये आणि ज्या संगणकात होतं तो दुरुस्तीला गेलेला! ते मराठीत उतरवायला बसले तर पहिल्याच ओळीला अडले. 'पोर्ट'ला काय म्हणू? मी 'जोडमुख' असा शब्द शोधून काढला आणि स्वतःवर खूश झाले. बाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "खण म्हण की. आठ खणांची पेटी." संपलं. जोडमुख खोडलं. मग वही भराभर पुढे गेली. पिवळी वायर पहिल्या खणात, ती ऑफिसातून येते, ती काढू नये. दुसऱ्या ते पाचव्या खणात संगणक. सातव्यात प्रिंटर. रिकाम्या खणावर लाल पट्टी चिकटवली आहे, त्यात काही घालू नये, लोंबती वायर दिसली तर गुंडाळून खिळ्याला अडकवावी. सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकले तर एकेक वायर काढून बघावी. काही मोडणार नाही, घाबरू नये. हे शेवटचं वाक्य मी दोनदा लिहिलं आणि खाली रेघ मारली. राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१, पासवर्ड बंद पाकिटात, पाकीट कपाटात, किल्ली बाईंकडे.

आवारात कन्नड शाळाही आहे आणि तिथले गुरुजी याच प्रिंटरवर प्रश्नपत्रिका काढतात. त्यांनी वही पाहिली आणि म्हणाले की मलाही वाचता आलं पाहिजे. मग डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर त्यांच्या अक्षरात कन्नड. बेळगावच्या पाट्यांवरून काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पेटीवरच्या पट्ट्यांवर दोन्ही भाषा आहेत. 'खण'ला तिकडे काय म्हणायचं यावर गुरुजी आणि बाई अर्धा तास बोलत होते, मला त्यातलं थोडंच कळलं. झाडणाऱ्या मावशींना मात्र मी समोर बसवून, ते टोक हातात देऊन, घाला म्हटलं. त्यांनी घातलं, दिवे वेडे झाले. काढा म्हटलं, शांत झाले. तीनदा केलं. "असं होय," म्हणाल्या, "मग आधी सांगायचं की गं."

आमच्या सहा जणांपैकी चौघे त्यानंतर एकदा गेले, संगणक परत देऊन आले. दोघे गेले नाहीत. पुढच्या बॅचच्या दोन मुलींना मी वही दाखवायला घेऊन गेले, कारण प्रकल्प आता दुसऱ्या गावात होणार आहे आणि तिथेही फीत आहे. त्या दोघींनी सर्टिफिकेट सहा महिन्यांनी द्या, एकदा परत जाऊन आल्यावर द्या, असा अर्ज केला आहे. मसुदा मी लिहून दिला. अर्जावर अजून शेरा आलेला नाही.

मे महिन्यात वळीव झाला. मामांनी सांगितलं होतं तसंच झालं. तांब्याच्या वायरीतून वीज आली आणि स्विच जळाला. कळलं ते बाईंच्या फोनवरून. आवाजात घाबरेपणा नव्हता. मामांनी फायबर आणून दिली होती, समितीने पैसे दिले होते, नवी पेटी बसली होती, ती पाच खणांचीच आहे, म्हणून प्रिंटर एका संगणकाला जोडलाय. हे सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ते असू दे. मी फोन एवढ्याचसाठी केला, की जुन्या पेटीचं पान खोडू, की नवं पान घेऊ?"

नवं घ्या म्हटलं. जुनंही राहू दे.